बिबट्या कुठंतरी चालला होता : प्राण्यांची ये-जा का लागते

निफाड तालुक्यात माझ्या मामांचा मळा आहे, कडवा नदीपासून फार लांब नाही. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत रात्रीची लाईट होती म्हणून मोटार चालू करायला मी मामांबरोबर गेलो, बॅटरी मारली तर पाटाच्या कडेने बिबट्या चालत होता. पळाला वगैरे नाही, एकदा थांबून आमच्याकडे बघितलं आणि ऊसाच्या बाजूला निघून गेला. आम्ही दोघं किती वेळ तसेच उभे होतो काय माहीत. घरी आल्यावर सगळे विचारायला लागले की आता पिंजरा लावायचा का, तेव्हा मामा म्हणाले, "वाघ इथं राहायला थोडाच आला होता, तो चालला होता कुठंतरी." (आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात.)

हे "चालला होता कुठंतरी" माझ्या डोक्यात राहिलं. नंतर यावर जेवढं मिळेल तेवढं वाचत गेलो तसं कळलं की निसर्ग टिकण्यामागची निम्मी गोष्ट या चालण्यातच आहे, आणि आपण मात्र फक्त राहण्याच्या जागेबद्दल बोलतो.

आधी नाशिक जिल्ह्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. पश्चिमेला त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाणा, सगळा डोंगर आणि धो धो पाऊस. पूर्वेला येवला, नांदगाव, तिकडे कोरडा माळ, तिथं ममदापूरला काळविटांसाठी राखीव क्षेत्र आहे. मध्ये नांदूरमधमेश्वर, गोदावरी-कडवाच्या संगमावरचं पक्ष्यांचं अभयारण्य, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. शहराच्या जवळ बोरगड, त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरी. हे सगळे झाले हिरवे ठिपके, आणि ठिपक्यांच्या मधे काय तर द्राक्षबागा, कांदा, ऊस, एमआयडीसी, प्लॉटिंग, हायवे, रेल्वे. आपल्याला वाटतं ठिपके सांभाळले की काम झालं. पण ठिपका म्हणजे एक बेटच की, फक्त चारी बाजूंनी पाण्याऐवजी शेती आणि रस्ते.

बेटांचं गणित रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1967 मध्ये मांडलं आणि ते तसं सोपं आहे. बेटावर किती जाती असणार हे दोन गोष्टींवर ठरतं, बाहेरून नवीन किती येतात आणि आतल्या किती संपतात. बेट लहान असेल तर आतल्या लवकर संपतात कारण मुळात प्रत्येकाची संख्याच कमी, आणि बेट लांब असेल तर येणारे कमी. आपल्या भाषेत सांगायचं तर लासलगावच्या मार्केटला आवक बंद झाली तर आतला माल किती दिवस पुरणार, तसंच. आज गेट बंद केलं म्हणून आजच गाळे रिकामे होत नाहीत, काही दिवस सगळं भरलेलंच दिसतं. जंगलाचंही तेच होतं आणि म्हणून फसायला होतं, वाट तुटल्यावर पुढची वीस-तीस वर्षं आत प्राणी दिसत राहतात आणि आपण म्हणतो बघा, सगळं ठीक आहे.

आता ये-जा नक्की करते काय, तर पहिलं काम सोयरीक. आपल्याकडे एकाच भावकीत लग्न करत नाहीत, बिबट्यांमध्ये हे काम वयात आलेले नर करतात. पिल्लू साधारण दीड-दोन वर्षांचं झालं की आईपासून वेगळं होतं, मादी बऱ्याचदा आईच्या आसपासच जागा धरते पण नराला लांब जावं लागतं, कारण तिथं आधीच एक मोठा नर बसलेला असतो. हा तरुण नर जिथं जातो तिथं नवीन रक्त घेऊन जातो. ही वाट बंद झाली की त्याच त्याच घराण्यात प्रजनन होत राहतं आणि जे दोष एरवी दबून राहिले असते ते वर येतात.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या पँथरचं असंच झालं होतं. तिथले हे प्यूमा, म्हणजे मांजराच्या कुळातले मोठे शिकारी प्राणी, चारी बाजूंनी शहरं आणि शेती वाढल्यामुळे एका कोपऱ्यात अडकले, 1990 च्या सुमाराला 20-30 उरले असतील, त्यांच्या शेपट्या वाकड्या, हृदयात दोष, नरांचं वीर्य खराब. शेवटी 1995 मध्ये टेक्सासमधून 8 माद्या आणून सोडल्या. त्यांच्या पिल्लांमध्ये हे दोष बरेच कमी झाले आणि संख्या वाढत पुढे शंभरीपार गेली. म्हणजे पूर्वी जे काम प्राणी स्वतःच्या पायांनी फुकट करत होते ते माणसाला ट्रक लावून करावं लागलं, आणि प्रत्येक जातीसाठी प्रत्येक वेळी एवढं कोण करणार?

आपल्या देशात ओडिशातल्या सिमिलिपालचे काळे वाघ तुम्ही फोटोत बघितले असतील, पट्टे एवढे रुंद की वाघ काळाच दिसतो. फोटो व्हायरल होतो, लोक म्हणतात किती सुंदर, आणि आहेच तो सुंदर. पण 2021 मध्ये बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांच्या टीमने दाखवलं की हा एका जनुकातला बदल आहे, आणि तो तिथं एवढा पसरला कारण तिथले थोडेसे वाघ बाकीच्या वाघांपासून तुटलेत. तो काळा रंग म्हणजे एका अर्थी बंद झालेल्या वाटेची खूण आहे.

आता चालण्याचा आवाका किती असतो बघा. 2009 मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक बिबट्या बाहेर काढला, वयस्क होता म्हणून त्याला आजोबा नाव पडलं. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि वनखात्याच्या लोकांनी त्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. हा पठ्ठ्या तिथून निघाला तो कसाऱ्याजवळ मुंबई-आग्रा हायवे आणि रेल्वेलाइन ओलांडून, तानसाच्या जंगलातून थेट मुंबईच्या संजय गांधी उद्यानापर्यंत पोचला, सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, तोही महिनाभरात, आणि वाटेत कुणाला साधा ओरखडाही नाही. रात्री चालायचं, दिवसा दडायचं. आपण नाशिकहून कसारा लोकल गाठायला ज्या रस्त्याने जातो तोच रस्ता त्यानेही ओलांडला हे वाचून मला कसं तरीच झालं होतं. पुढे 2011 च्या डिसेंबरमध्ये मुंबई-अहमदाबाद हायवेवर गाडीच्या धडकेत तो गेला.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी कारण त्यावरून आपल्याकडे खूप गोंधळ होतो. बिबट्या स्वतः चालत जाणं वेगळं आणि आपण त्याला पकडून दुसरीकडे नेऊन सोडणं वेगळं. जुन्नर भागात 2001 ते 2003 मध्ये मोठ्या संख्येने बिबटे पकडून लांब सोडले, आणि नंतरच्या अभ्यासात दिसलं की त्या काळात माणसांवरचे हल्ले उलट वाढले. घाबरलेला, अनोळखी जागेत टाकलेला प्राणी, तो परत घराकडे निघतो आणि वाटेत त्याला काहीच माहितीचं नसतं. याउलट अकोले तालुक्यात (विदर्भातलं अकोला नव्हे, आपल्या जिल्ह्याला लागून असलेलं नगरकडचं अकोले), नुसत्या शेतीच्या भागात कॅमेरे लावून मोजलं तेव्हा 100 चौरस किलोमीटरला साधारण 5 मोठे बिबटे आणि जवळपास तेवढीच तरसं निघाली, माणसं तिथं दाटीने राहत असताना. भीती खरी आहे, मामांच्या शेजारच्या वस्तीवर लहान मुलांना संध्याकाळनंतर बाहेर सोडत नाहीत आणि ते बरोबरच आहे, ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना तर मी काय सांगणार. पण गंगापूर रोडच्या बंगल्यात बिबट्या दिसला की "शहरात घुसला" अशी बातमी येते, तेव्हा त्याची बाजू एवढीच असते की तो नदीच्या, नाल्याच्या कडेने त्याच्या नेहमीच्या वाटेने चालला होता आणि वाट जिथं संपली तिथं भिंत लागली.

दुसरं काम आहे शेजारून भर पडण्याचं. समजा एका तळ्यातले बेडूक दुष्काळात सगळे मेले. दोन शेतं सोडून दुसरं तळं असेल आणि मधे ओलसर ओढा असेल तर पुढच्या पावसात तिथले बेडूक इकडे येतात आणि तळं परत भरतं. ओढ्यावर काँक्रीटचा स्लॅब टाकला तर तळं रिकामंच राहतं, पाणी असूनही. छोट्या छोट्या जागांमध्ये प्राणी संपणं ही नेहमीचीच गोष्ट असते, आगी लागतात, रोग येतो, पाऊस पडत नाही. एकेका ठिकाणी दिवा विझतो पण शेजारच्या दिव्यावरून तो परत लावता येतो, फक्त शेजारी पोचता आलं पाहिजे. गीरच्या सिंहांची काळजी याच कारणाने वाटते, आशियातले सगळे जंगली सिंह त्या एकाच भागात, 2018 मध्ये तिथं डिस्टेंपर या विषाणूच्या रोगाच्या साथीत सिंह मेले तेव्हा लोकांच्या पोटात गोळा आला कारण दुसरीकडून भर पडायला दुसरीकडे कुणी नाहीच.

ममदापूरच्या काळविटांना तर रोजच्या जगण्यासाठी हलावं लागतं, उन्हाळ्यात माळावरचं पाणी आटलं की ती पाण्याच्या शोधात निघतात आणि मग रस्त्यावर गाडीखाली येतात, विहिरीत पडतात, गावकुत्री मागे लागतात.

पण मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग झाडांचा आहे. झाड चालू शकत नाही ना, मग त्याची ये-जा दुसऱ्यांच्या अंगावरून होते. उंबराचं उदाहरण घ्या, गोदावरीच्या काठाने, ओढ्यांना भरपूर आहेत. उंबराची फुलं फळाच्या आत असतात म्हणून आपल्याला दिसत नाहीत, आणि त्यांचं परागीभवन करणारी एक बारीकशी माशीसारखी गांधीलमाशीची जात असते, डासाहून लहान. ती एका उंबरात जन्मते, पराग अंगावर घेऊन बाहेर पडते, आणि एक-दोन दिवसांच्या आयुष्यात तिला दुसरं उंबराचं झाड शोधावंच लागतं, कारण एका झाडावरची फळं बहुतेक एकाच वेळी तयार होतात, ती बाहेर येते तेव्हा त्या झाडावर तिच्यासाठी योग्य फळ उरलेलं नसतं. नामिबियाच्या वाळवंटात उंबराच्या जवळच्या जातीच्या झाडांवर अभ्यास झाला, त्याचे निकाल 2009 मध्ये आले, तर या माश्या वाऱ्यावर स्वार होऊन 160 किलोमीटरपर्यंत पराग नेतात असं निघालं. एवढासा जीव! पुढे उंबरं पिकली की वटवाघळं, कोकीळ, हळद्या, उदमांजर येतात, खातात आणि बी दुसरीकडे टाकतात, जुन्या वाड्याच्या भिंतीत उंबर उगवतं ते त्यामुळेच. रस्ता रुंदीकरणात जुने वड-उंबर जातात तेव्हा नुसती सावली जात नाही, या सगळ्या प्रवाशांचा थांबा जातो.

आणि हे फक्त जंगलापुरतं नाहीये. कांद्याचं बी कसं तयार होतं ते आपल्याकडे लहान पोरांनाही माहितीय, कांदा लावायचा, डोंगळे येतात, पांढरी फुलं लागतात. आता कांद्याच्या फुलात पराग आधी तयार होतो आणि स्त्रीकेसर नंतर, म्हणजे त्या फुलाचं त्याच फुलात काम होत नाही, कुणीतरी एका फुलावरून दुसऱ्यावर जावं लागतं, आणि हे कुणीतरी म्हणजे मुख्यतः मधमाशी. आग्या मोहोळाच्या माश्या तर हंगामाप्रमाणे अख्खा मुक्कामच हलवतात, जिकडे फुलोरा तिकडे, डोंगरातून मळ्यात आणि मळ्यातून परत डोंगरात. मामा सांगतात की पूर्वी डोंगळ्यात शिरलं की नुसता गुणगुणाट असायचा, आता कधी कधी सकाळी गोंड्यांवरून हात फिरवावा लागतो किंवा पेट्या भाड्याने आणाव्या लागतात. म्हणजे अंजनेरीच्या डोंगरावर फुलं टिकली की नाही याचा संबंध निफाडच्या कांद्याच्या बियाण्याशी येतो. माशीला मधे बसायला बांधावर बोर, करंज, निंबारा काहीतरी लागतं आणि आपण तर फूटभर जमिनीसाठी बांधच कोरत चाललोय.

नांदूरमधमेश्वरला थंडीत गेलात तर पट्टकादंब बघा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस, हे मंगोलिया, मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून येतात. लोक फोटो काढतात आणि येतात, पण त्या पक्ष्यांबरोबर आणखी काय काय येतं याचा विचार आपण करत नाही. पाणपक्ष्यांच्या पायाच्या चिखलात, पिसांत, पोटात बिया, गोगलगाईंची अंडी, बारीक जीव असतात आणि एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातात. चार्ल्स डार्विनने एकदा तळ्याकाठचा कपभर चिखल घेऊन घरात सहा महिने झाकून ठेवला आणि उगवलेली रोपं एक एक उपटून मोजली, 537 निघाली! कपभर चिखलात! मग एका थव्याच्या पायांना काय काय लागत असेल. त्यामुळे एक पाणथळ जागा एकटी वाचवून भागत नाही, गंगापूर, दारणा, वाघाड, छोटे पाझर तलाव हे सगळं मिळून एक जाळं आहे आणि पक्षी त्यातले धागे ओवतात.

सगळीच ये-जा चांगली असते असं मात्र नाही. गोदावरीत पाणवेली माजतात, ती वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, माणसाने आणली. तिलापिया मासाही बाहेरचा. घाणेरीची फळं बुलबुल खातात आणि आनंदाने डोंगरभर पेरतात. फरक एवढाच की ज्या वाटा हजारो वर्षांच्या आहेत त्यांवर दोन्ही बाजूंना एकमेकांची सवय झालेली असते, आणि आपण जहाजाने, विमानाने एका खंडातून दुसऱ्या खंडात जे आणतो त्याला इथं खाणारं कुणी नसतं. म्हणून एकीकडे जुन्या वाटा तोडणं आणि दुसरीकडे नको ते पाहुणे आणणं, या दोन्ही गोष्टी आपण एकाच वेळी करतोय हे वाईट आहे.

मग हायवे बांधायचेच नाहीत का? तसं कुणी म्हणत नाही, मीही त्याच हायवेने जातो. मध्य प्रदेश-महाराष्ट्राच्या सीमेवर पेंचमधून नागपूर-जबलपूर रस्ता जातो, तिथं रस्ता खांबांवर उचलून खालून प्राण्यांना वाट ठेवली, त्यातला एक मोठा अंडरपास 750 मीटरचा आहे, आणि कॅमेऱ्यांत वाघासकट बरेच प्राणी त्याखालून जाताना दिसलेत. म्हणजे जागा बरोबर निवडली तर उपाय चालतो. समृद्धी महामार्गावरही प्राण्यांसाठी वरून आणि खालून वाटा ठेवल्यात. इगतपुरीजवळचा जवळपास 8 किलोमीटरचा बोगदा तर मला त्या दृष्टीने फार चांगला वाटतो, गाड्या डोंगराच्या पोटातून जातात आणि वरचा डोंगर आहे तसा सलग राहतो. पण अंडरपासच्या तोंडाशीच उद्या हॉटेल आणि प्लॉटिंग झालं तर खालून जाणार कोण, हे आत्ताच बघायला पाहिजे. शहरातही तेच, 2025 च्या शेवटी नाशिकच्या तपोवनातली झाडं कुंभमेळ्यासाठी तोडण्यावरून एवढा वाद झाला, सगळे झाडांचे आकडे बोलत होते, पण ती झाडं गोदावरीच्या काठावर आहेत, नदीकाठचा तो पट्टा शहरातून पलीकडे जायची वाट आहे हे फार कमी जण बोलले. झाडं दुसरीकडे लावता येतील, वाट दुसरीकडे कशी लावणार?

मळ्यातल्या माणसाला करता येण्यासारखं पण आहे. विहिरीला कठडा बांधणं हे पहिलं, दरवर्षी किती बिबटे, कोल्हे, उदमांजरं, काळविटं पडतात, मग वनखात्याची माणसं रात्रभर दोरीने खाट सोडून बसतात. ओढ्याच्या दोन्ही बाजूंची झुडपं ठेवणं, नांगर अगदी पाण्यापर्यंत न नेणं. तारेच्या कुंपणात लाईनचा करंट न सोडणं, असा करंट सोडणं तर बेकायदाच आहे आणि त्यात माणसंही मेलीत.

आणि मासे. इगतपुरी-त्र्यंबककडे पहिला जोराचा पाऊस झाला की चढणीचे मासे लागतात हे तिकडच्या माणसाला सांगायला नको, पोटात अंडी घेऊन नदीतून ओढ्यात आणि ओढ्यातून भातखाचरात वर वर चढत येतात, उथळ पाण्यात अंडी घालायला. गेल्या जूनमध्ये आम्ही वैतरणेच्या बाजूला एका मित्राच्या गावी होतो, तिथं नव्या रस्त्याखाली ओढ्यासाठी सिमेंटचा पाइप टाकलाय, पण तो पाइप खालच्या पाण्यापासून हातभर वर लटकतोय. खाली डबक्यात मासे जमले होते, उड्या मारत होते, पाइपच्या तोंडावर आपटून परत खाली पडत होते, आणि दोन पोरं पाटी लावून बसली होती. मित्राचे वडील आधी नुसते बघत होते, मग त्यांनी पोरांना उठवलं आणि आम्हा सगळ्यांना दगड आणायला लावले. तासभर भिजत आम्ही पाइपखाली दगडांच्या पायऱ्या रचल्या, मोठे खाली, लहान वर, मधे पाणी साचेल असे खड्डे. अंधार पडायच्या आत पहिला मासा वर गेला, खवलं चमकलं तेवढंच दिसलं. काका म्हणाले, "आता ह्या वर्षी खाचरात पिल्लं दिसतील."

ऑगस्टमध्ये मित्राने व्हिडिओ पाठवला, भाताच्या रोपांमधून बोटाएवढी पिल्लं पळताना.